बग कोडमध्ये नव्हता, डब्यात होता

रात्रीचे दीड वाजलेत. सिंदेवाही तालुक्यातलं एक गाव, जंगलाला लागून धानाच्या बांध्या. बांधावर लावलेला सायरन वाजतो. मामा मचाणावरून उतरतात, टॉर्च मारतात, दोन आवाज देतात. रानडुकरं नाहीत, नीलगाय नाही, काहीच नाही. परत वर चढतात. पाऊण तासाने पुन्हा सायरन.

हा सायरन मी बनवलेला होता. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एसएमएस पाठवायला २जी मॉड्यूल, आणि हे सगळं बसवायला इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स. पुण्यात माझ्या टेबलावर महिनाभर एकदाही चुकला नाही. शेतात पहिल्याच आठवड्यात मामांनी निकाल दिला: "बाबू, तुझा डब्बा खोटं बोलते."

हसण्यासारखी गोष्ट नाही ही. आमच्या भागात रात्री सायरन वाजला की माणूस अंधारात खाली उतरतो, आणि जिथे रानडुक्कर येतं तिथे त्याच्या मागावर वाघही येऊ शकतो. खोटा अलार्म म्हणजे नुसता त्रास नाही, तो एका माणसाला विनाकारण धोक्यात उतरवतो. आणि चार वेळा खोटा वाजला की पाचव्या वेळी कोणी उठत नाही. लांडगा आला रे आला!

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे दोन महिने कोडच तपासत बसलो. सिग्नल किती वेळ टिकला पाहिजे त्याची अट वाढवली, बोर्ड अडकला तर आपोआप रीस्टार्ट होईल असं केलं. अलार्म थोडे कमी झाले, बंद झाले नाहीत. कारण बग कोडमध्ये नव्हताच. तो डब्यात होता. आपल्या खिशातला फोन ज्या अडचणीवर रोज मात करतो, तीच ही अडचण: इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफेरन्स, म्हणजे एका यंत्राची विद्युतचुंबकीय लुडबूड दुसऱ्या यंत्राच्या कामात.

लुडबूड येते कुठून?

जिथे वीज झटक्यात चालू-बंद होते, तिथून रेडिओ लहरी बाहेर पडतात. मोटर, चार्जर, ट्यूबलाइटचा चोक, आकाशातली वीज, सगळेच थोडाफार गोंगाट करतात. हा गोंगाट तुमच्या सर्किटमध्ये दोन वाटांनी शिरतो. एक हवेतून, लहरींच्या रूपात. दुसरी तारेतून, कारण कोणतीही लांब तार ही नकळत अँटेना असते.

प्लास्टिकचा डबा पहिली वाट अजिबात अडवत नाही. रेडिओ लहरींसाठी प्लास्टिक म्हणजे काचेची खिडकी. नाहीतर फोनला कव्हर घातल्यावर रेंज गेली असती. मग उपाय सोपा वाटतो: धातूचा डबा घ्या. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये हेच दाखवलं होतं. धातूचं आवरण लावलेली, माणूस आत जाईल एवढी खोली त्यांनी बांधली, बाहेरून विजेच्या ठिणग्या दिल्या, आणि आतल्या उपकरणावर काहीच दिसलं नाही. याला फॅरडे पिंजरा म्हणतात.

पण थांबा. धातूचा डबा म्हणजे फॅरडे पिंजरा, असं सरळ समीकरण नाही. हे घरी करून बघता येतं.

स्टीलच्या डब्याचा प्रयोग

स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घ्या. फोन आत ठेवा, झाकण लावा, दुसऱ्या फोनवरून कॉल करा. चंद्रपूर शहरात टॉवरजवळ असाल तर बऱ्याचदा रिंग वाजेल. हाच प्रयोग भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या एखाद्या गावात करा, बहुतेक 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येईल. डबा तोच, फोन तोच. असं का?

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंथ 'डीबीएम'मध्ये दिसते. ४जीसाठी उणे ८०च्या आसपास म्हणजे मस्त, उणे ११०च्या खाली गेलं की कसंबसं. डेसिबेलचा हिशोब असा: १० डीबी कमी म्हणजे ताकद दहावा भाग, २० डीबी कमी म्हणजे शंभरावा, ३० डीबी कमी म्हणजे हजारावा. समजा तुमचा डबा २० डीबी अडवतो. उणे ८० चं उणे १०० होईल, फोन तरीही चालेल. पण आधीच उणे १०५ असेल तर उणे १२५ होईल आणि फोन मुका पडेल. म्हणजे डबा लहरींना पूर्ण बंद करत नाही, फक्त कमी करतो. किती कमी, हा खरा प्रश्न.

आणि त्याचं उत्तर पत्र्याच्या जाडीत नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा प्रवाह अॅल्युमिनियममध्ये जेमतेम ३ मायक्रॉन खोल शिरतो, म्हणजे मिलिमीटरचा तीनशेवा भाग. पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा त्याच्या कितीतरी पट जाड असते. जाडी भरपूर आहे. गळती होते ती फटीतून.

छिद्राचं क्षेत्रफळ नाही, फटीची लांबी

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. डब्यातून पाणी गळेल की नाही हे भोक किती मोठं यावर ठरतं. रेडिओ लहरींसाठी मात्र फट किती लांब यावर ठरतं. कागदाएवढी बारीक फटसुद्धा लांब असली की दरवाजा उघडा! धातूवरून धावणारा प्रवाह फटीपाशी अडतो, वळसा घेतो, आणि फट स्वतःच अँटेनासारखी वागू लागते.

मोजायचं माप म्हणजे लहरीची अर्धी लांबी. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तिची अर्धी साधारण १६.७. एका फटीसाठी ढोबळ हिशोब असा येतो:

- फट १५ सेंटिमीटर: अडवणूक जेमतेम १ डीबी, म्हणजे डबा असून नसल्यासारखा
- फट ५ सेंटिमीटर: सुमारे १० डीबी
- फट १ सेंटिमीटर: सुमारे २४ डीबी
- फट अर्धा सेंटिमीटर: सुमारे ३० डीबी

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर, म्हणून त्याच फटी तिथे आणखी जास्त गळतात. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकी फट लहान हवी.

आता तुमच्या स्टीलच्या डब्याकडे बघा. झाकण गोलाकार टेकलेलं दिसतं, पण प्रत्यक्षात ते चार-दोन ठिकाणीच नीट चिकटतं. दोन चिकटलेल्या जागांमधलं अंतर म्हणजे एक लांब फट. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातल्या जाळीला मात्र शेकडो भोकं असतात, तरी ती लहरी अडवते. कारण प्रत्येक भोक एक-दोन मिलिमीटरचं, आणि आतली लहर १२ सेंटिमीटरची. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून आतलं जेवण फिरताना दिसतं.

पहिला गुन्हेगार: झटका मशीन

परत शेतात. मामांच्या शेताला, आजूबाजूच्या बऱ्याच शेतांसारखंच, सौर कुंपण आहे. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी सरकारी अनुदानही मिळतं. बॅटरीवर चालणारं झटका मशीन तारेत काही हजार व्होल्टचा क्षणभराचा झटका सोडतं. नियमांनुसार दोन झटक्यांत किमान १ सेकंदाचं अंतर हवं आणि एक झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लहान हवा. म्हणूनच जनावर दचकतं, पण मरत नाही. (कुंपणात थेट लाइनची वीज सोडणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तो गुन्हा आहे आणि त्याने आमच्या जिल्ह्यांत माणसंही मेलीत, वाघही मेलेत.)

मला सुगावा लागला तो मामांच्या जुन्या रेडिओमुळे. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे काटा नेला तर टिक, टिक, टिक, दर सेकंदाला एक. झटका मशीन बंद केलं, टिकटिक बंद. पाऊस पडून गेल्यावर तारेला ओलं गवत टेकलं की तिथे ठिणगी पडायची आणि टिकटिक आणखी मोठी व्हायची. खोटे अलार्मही पावसानंतरच जास्त होते!

मी लगेच सगळं सामान पत्र्याच्या डब्यात हलवलं. फरक? जवळपास शून्य. कारण झटक्याचा गोंगाट मुख्यतः कमी फ्रिक्वेन्सीचा, त्याच्या लहरी शेकडो मीटर लांब. त्याला डब्याच्या फटीची गरजच नव्हती. डब्यापासून सेन्सरपर्यंत दहा मीटर साधी वायर मी कुंपणाला समांतर, त्याच खांबांवरून नेली होती. ती वायर तो गोंगाट गोळा करून भोकातून थेट आत आणून देत होती. दाराला कुलूप लावून चोराला खिडकीतून शिडी दिल्यासारखं.

उपाय तीन केले. वायर कुंपणापासून लांब घेतली, आणि जिथे ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात ओलांडली. साध्या वायरीच्या जागी टीव्हीच्या केबलसारखी वरून जाळी असलेली शील्डेड वायर घेतली. आणि बोर्डाजवळ वायरीवर फेराइटचा मणी बसवला. जुन्या मॉनिटरच्या केबलवर किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर जो जाड गोळा दिसतो, तोच हा. तो वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवतो आणि संथ सिग्नलला जाऊ देतो.

इथेही एक चूक केली. शील्डेड वायरीची जाळी मी पिळून, तिची शेपटी करून डब्याच्या आत बोर्डाच्या ग्राउंडला जोडली. म्हणजे गोंगाट आधी घरात घेतला आणि मग म्हटलं, आता बाहेर जा. जाळी डब्याच्या भिंतीला, वायर शिरते त्याच जागी, चहूबाजूंनी घट्ट टेकली पाहिजे. तशी क्लॅम्प लावून टेकवली, आणि रीस्टार्ट होणं थांबलं.

दुसरा गुन्हेगार: माझंच मॉड्यूल

तरी एक विचित्र प्रकार उरला. एक खरा अलार्म झाला की काही सेकंदांत दुसरा, मग तिसरा. सेन्सर वायरीवर दहा मीटर लांब होता तेव्हा नाही. वायरीचा त्रास टाळायला मी एक सेन्सर डब्यावरच बसवला तेव्हा. लॉग बघितल्यावर कळलं: एसएमएस जातो, आणि त्याच क्षणी सेन्सरला 'हालचाल' दिसते.

२जी मॉड्यूल बोलतं तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी बोलतं. पूर्वी स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल येण्याआधी 'टिडिक टिडिक' व्हायचं, ते हेच. आणि टॉवर लांब असला की ते जास्तीत जास्त ताकदीने, ९०० मेगाहर्ट्झला २ वॉटपर्यंत ओरडतं. पुण्यात टॉवर समोरच होता, मॉड्यूल हळू बोलत होतं, म्हणून टेबलावर सगळं ठीक! सेन्सरचा सिग्नल इतका नाजूक असतो की शेजारी कोणी ओरडलं की त्याला तेच हलल्यासारखं वाटतं.

इथे मात्र लहर ९०० मेगाहर्ट्झची, म्हणून फटीचा हिशोब पूर्ण लागू. मॉड्यूलची अँटेना डब्याबाहेर काढली, धातूच्या कनेक्टरमधून, ज्याची बॉडी डब्याला घट्ट टेकते. सेन्सरच्या सर्किटला वेगळी पत्र्याची टोपी घातली, फक्त पुढे एक सेंटिमीटरचं गोल भोक. वरच्या यादीत बघा, तेवढं भोक चालतं.

आणि मोठ्या डब्याचं झाकण? त्याला पावसासाठी रबराची पट्टी होती. रबर पाणी अडवतं, पण दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून दूरही ठेवतं. म्हणजे डब्याभोवती पूर्ण गोलाकार फट. वर रंगाचा थर, तोही वीज वाहू देत नाही. मग कडेचा रंग खरवडला, रबराची पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवली, आतल्या बाजूला धातूला धातू टेकेल असं केलं, आणि चार स्क्रूंऐवजी दर दोन-तीन सेंटिमीटरला एक स्क्रू. कारखान्यात बनणाऱ्या डब्यांत यासाठी वीज वाहणारं खास गॅस्केट किंवा स्प्रिंगसारख्या पातळ धातूच्या पट्ट्या वापरतात. काम तेच, लांब फटीचे छोटे तुकडे करणं.

आमच्याच जिल्ह्यातला सगळ्यात मोठा डबा

हे सगळं शिकल्यावर लक्षात आलं की हाच प्रश्न आमच्या जिल्ह्यात इमारतीएवढ्या आकारात सोडवलेला आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची डीसी वीजवाहिनी जाते: ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट, १९९९ पासून. भद्रावतीलाही १००० मेगावॉटचं केंद्र आहे, पश्चिम आणि दक्षिणेकडचे ग्रिड जोडणारं. अशा केंद्रांत एसीची डीसी आणि डीसीची एसी होते, थायरिस्टर नावाच्या अवाढव्य इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या रांगांनी. हजारो व्होल्ट, दर सेकंदाला पुन्हा पुन्हा चालू-बंद. झटका मशीनचा हा आजोबाच म्हणा.

त्याचा रेडिओ गोंगाट बाहेर पसरू नये म्हणून हे स्विच ज्या हॉलमध्ये असतात, त्याला 'व्हॉल्व्ह हॉल' म्हणतात, त्याच्या भिंती आणि छत धातूच्या पत्र्याने किंवा जाळीने एकमेकांना जोडून मढवलेले असतात. अख्खी इमारत म्हणजे फॅरडे पिंजरा. मग आतल्या स्विचना 'आता चालू हो' हा हुकूम द्यायचा कसा? तांब्याची तार आत नेली तर माझ्या दहा मीटर वायरीसारखंच होईल. म्हणून हुकूम प्रकाशाच्या रूपात, ऑप्टिकल फायबरमधून जातो. काच वीज वाहत नाही, म्हणून ती अँटेना बनत नाही. फट आणि तार, दोन्हींचा बंदोबस्त. इमारत असो की जंक्शन बॉक्स, नियम तेच.

तुमच्या फोनमध्ये काय?

मोबाइल रिपेअरच्या दुकानात उघडा फोन बघितलाय? बोर्डावर चकचकीत पत्र्याच्या छोट्या टोप्या दिसतात. प्रोसेसर, चार्जिंगचं सर्किट, रेडिओचा भाग, प्रत्येकाला वेगळी खोली. रिपेअरनंतर एखादी टोपी परत बसवली नाही तर फोन चालतो, पण रेंज किंवा जीपीएस रुसू शकतं. दुकानातून निघण्याआधी विचारून घ्या.

पण फोनचा डबा पूर्ण बंद करून चालत नाही, त्याला बोलायचंही असतं. म्हणून धातूच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या बारीक रेषा असतात. त्या नक्षी नाहीत, तिथून फ्रेमचे तुकडे वेगळे होतात आणि अँटेनाचं काम करतात. वाघाच्या कॉलरमध्येही हीच कसरत असते. शेजारच्या यवतमाळमधल्या टिपेश्वरहून २०१९ मध्ये निघून ३००० किलोमीटरहून जास्त चालत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलेल्या 'वॉकर' वाघाचा माग कॉलरमुळेच लागला. जड बॅटरी गळ्याखाली, आणि जीपीएसची अँटेना मानेवर, आकाशाकडे तोंड करून. आत जपायचं आणि बाहेर बोलायचं, दोन्ही एकाच वेळी.

म्हणूनच 'अँटी-रेडिएशन स्टिकर' विकत घेऊ नका. एवढासा तुकडा लहरी अडवू शकत नाही. आणि खरंच अडवल्या, तर रेंज कमी होऊन फोन आणखी जोरात ओरडेल, बॅटरीही लवकर संपेल. रेंज कमी असलेल्या गावात पूर्ण धातूचं कव्हरही टाळा.

स्वतः काही बनवत असाल तर

- आधी गोंगाट शोधा. मीडियम वेव्हचा साधा रेडिओ हे सगळ्यात स्वस्त यंत्र आहे.
- वायर शक्य तितकी छोटी ठेवा. झटक्याच्या तारेला समांतर कधीच नेऊ नका.
- शील्डेड वायरीची जाळी डब्याच्या भिंतीलाच, शिरण्याच्या जागी टेकवा.
- झाकणाखालचा रंग आणि रबर तपासा. दोन स्क्रूंमधलं अंतर म्हणजे तुमची फट.
- झटका मशीनचा अर्थिंगचा रॉड आणि तुमच्या यंत्राचं अर्थिंग वेगळं ठेवा, मधे किमान १० मीटर अंतर.
- चाचणी शेतातच करा, पाऊस पडून गेल्यावर, कमी रेंजमध्ये.

ताडोब्याला लागून असलेल्या सीतारामपेठसारख्या गावात आता कॅमेरे आणि एआय वापरून वाघाची सूचना देणारी यंत्रणा आली आहे. असे डबे आणखी गावांत येतील, आणि यायला हवेत. पण कोड कितीही हुशार असला तरी तो ज्या डब्यात राहतो तो गळका असेल, तर गावकरी चार दिवसांत प्लग काढतील, आणि ते बरोबरच करतील.

मामांच्या शेतातला डबा अजून कधीकधी नीलगायीला वाजतो, पण निदान तिथे नीलगाय असते. तुमचं प्रोजेक्ट विचित्र वागत असेल, तर कोडची पुढची ओळ लिहिण्याआधी एकदा वायर मोजा, आणि झाकण उघडून फट बघा.